हार्ट फेल्युअर आणि घरची माणसं: आधी नोकरी की एमएस्सी?

प्रश्न: मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव देवगडजवळ. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमकुवत होऊन अंगात पाणी साठणाऱ्या पेशंटला घरची माणसं कशी सांभाळतात, यावर मला संशोधन करायचंय. बाबा म्हणतात, आधी नोकरी धर. काय करू?

उत्तर: बाबांचं ऐक. एमएस्सी नर्सिंगच्या प्रवेशाला बीएस्सीनंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि १ वर्षाचा अनुभव लागतोच. फक्त ते वर्ष ऑपरेशन थिएटरमध्ये घालवू नकोस, मेडिसिन किंवा कार्डिओलॉजी वॉर्ड मागून घे. डिस्चार्जच्या वेळी घाईत काय सांगितलं जातं आणि तोच पेशंट पायांना सूज घेऊन पुन्हा का येतो, हे तिथे कळतं. पुढे एमएस्सीच्या मेडिकल-सर्जिकल किंवा कम्युनिटी हेल्थ, दोन्ही शाखांत हा विषय बसतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मात्र आत्तापासून तयारी कर. ‘घरच्यांना किती माहिती आहे’ असली प्रश्नावली नको. माहिती असते, घडत नाही. अडतं कुठे ते शोध. उदाहरणार्थ, पेशंटचं वजन रोज सकाळी, लघवीनंतर, चहाआधी, तशाच कपड्यांत करायचं. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर पाणी साठत असण्याची शक्यता, लगेच डॉक्टरांना कळवायचं. पण काटा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर असेल तर आकडाच खोटा. मिठाचंही तसंच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणून आमटीत हात आखडतात. सुकट, खारा बांगडा, पेजेसोबतचं लोणचं कोणी मोजत नाही. काही घरांत ‘सैंधव चालतं’ म्हणतात. तेही सोडियमच! गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, हेही विचारायला विसरू नकोस.

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे सांभाळणारं माणूस नेमकं कोण? रांधते सून, गोळ्या देते बायको, पैसे आणि निर्णय मुंबईतल्या मुलाचे. एकालाच विचारलंस तर अर्धंच चित्र हाती येईल.

मोजमापासाठी नर्सिंग संशोधक बार्बरा रीगल यांचा ‘सेल्फ-केअर ऑफ हार्ट फेल्युअर इंडेक्स’ बघ, पेशंट स्वतःची काळजी कशी घेतो हे मोजणारी ती प्रश्नावली आहे. काळजी घेणाऱ्यांसाठीही त्याची आवृत्ती आहे. मराठी रूप वापरताना उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा इंग्रजीत) करून मूळ प्रश्नांशी ताडून घे. ‘दम’ म्हटलं की गावात दमाच समजतात, म्हणून ‘चढण चढताना धाप लागते का, झोपताना किती उशा लागतात’ असं विचार. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही घरी जाऊ नकोस. पुढे एमएस्सीत घरच्यांना प्रशिक्षण देऊन परिणाम तपासणार असशील, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी कर.

आणि घरभेटी गणपती-शिमग्यात ठेवू नकोस. चाकरमानी आलेले असतात, रोजचा स्वयंपाक बदललेला असतो, आणि तुझ्याशी बोलायला सुनेला सवड नसते.