काँक्रीट ब्लॉकची पहिली भिंत बांधताय?

भाऊ, कम्पाउंडची भिंत स्वतः बांधायचं ठरवलंत, छान केलंत. सळया नि बीमचं नंतर बोलू. आधी एवढं सांभाळा.

नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थरातच थांबवला, तर वरची भिंत कितीही नीट बांधा, तडकेलच. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. इथे कंजूषी नको.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे विटांसारखे ब्लॉक पाण्यात बुडवणं. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला चिरा पडतात. ब्लॉक कोरडाच घ्या, भर उन्हात फार तर वरून हलका शिपका. कारखान्यातून नुकताच निघालेला ओला ब्लॉक तर घेऊच नका.

- आधी कोपरे उभारा, मग दोरी ताणून मधले ब्लॉक लावा. प्रत्येक रद्द्याला (ब्लॉकच्या ओळीला) ओळंबा लावून भिंत सरळ उभी आहे ना ते बघा.
- उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. सांधा 10 मिमीचा, तोही पूर्ण भरलेला.
- सिमेंट-वाळूचा माल थोडाथोडाच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका.
- एका दिवसात दीड मीटरच्या वर चढू नका.

मे महिन्यात काम सकाळी लवकर सुरू करा, दुपारी भिंत ओल्या गोणपाटाने झाका. पहिला रद्दा झाला की फोटो टाका, बघून सांगतो.