फुगलेली शीर लेझरने बंद केल्यावर पायातील रक्त परत कोठून जाते?

आपला प्रश्न असा आहे की, व्हेरिकोज व्हेन्सवरील (पायातील फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवरील) लेझर उपचारात शीर कायमची बंद करतात, तर मग रक्त वर जाणार कोठून आणि हा त्रास पुन्हा उद्भवतो का. माझ्या डाव्या पायावर हा उपचार झाला आहे आणि त्यापूर्वी मलाही नेमकी हीच धास्ती होती.

पायातील बहुतेक रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतूनच हृदयाकडे जाते; त्वचेखालील शिरांचा वाटा अगदी थोडा असतो. शिवाय ज्या शिरेच्या, रक्त खाली परतू न देणाऱ्या, झडपा निकामी झाल्या आहेत, तिच्यातील रक्त आपण उभे राहिलो की वर चढण्याऐवजी खाली उतरते. म्हणून ती बंद केल्याने वाट अडत नाही, गळती तेवढी थांबते. मात्र जुन्या गुठळीमुळे खोल शिराच तुंबलेल्या असतील, तर वरवरच्या शिरांवरच सारी भिस्त असते आणि त्या बंद करणे घातक ठरू शकते. यासाठी शिरांतील रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी आधी हवीच. उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकतो का, हे उभे करून पाहावे लागते. केवळ झोपवून केलेल्या तपासणीवर मी तरी निर्णय घेतला नसता.

लेझर बाहेरून दिसणाऱ्या वेटोळ्यांवर मारत नाहीत. गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तंतू मांडीतील मुख्य शिरेत सरकवतात, त्याचे टोक, जांघेत ही शीर खोल शिरेला जिथे मिळते तिथपासून सुमारे 2 सेंटिमीटर अलीकडे थांबवतात, शिरेभोवती भुलीचे पातळ द्रावण भरतात आणि तंतू मागे ओढत शीर आतून भाजत आणतात. ते द्रावण भरतानाच्या टोचण्या मला खुद्द लेझरपेक्षा अधिक जाणवल्या. त्याच दिवशी चालायला लावतात, कारण चालण्याने गुठळीचा धोका कमी होतो. आठवड्याभराने मांडीत दोरी ताणल्यासारखे वाटू लागले, तेव्हा मी घाबरलो होतो. पण बंद झालेली शीर आकसताना असे होते. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

एकदा नीट बंद झालेली शीर सहसा उघडत नाही, परंतु झडपा सैल पडण्याची प्रवृत्ती तशीच राहते, त्यामुळे काही वर्षांनी दुसरी एखादी शीर फुगू शकते. पोटरीवरील उरलेल्या वेटोळ्यांसाठी मला नंतर शीर बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाचे इंजेक्शन घ्यावे लागले.