अंतर्निर्मित आणि बहिर्निर्मित अग्निजन्य खडकांत नेमका फरक काय? 'ग्रॅनाइट आतला, बेसॉल्ट बाहेरचा' एवढं पाठ केलं तर चालेल का?

परीक्षेपुरतं चालेल. विहीर खोदायची असेल तर मुळीच नाही. आमच्याकडे यावरून घरात अजून वाद आहे, म्हणून लिहितोय.

शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, खाली सावकाश निवाला तर दाणा मोठा, वर येऊन भराभर निवाला तर बारीक, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण डाइकचं काय करणार? दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांना उभ्या चिरा पडल्या, शिलारस त्यांत घुसला आणि तिथेच थिजला, तोच डाइक. घटक बेसॉल्टचेच, पण थिजला जमिनीखाली, म्हणजे अंतर्निर्मित. धुळे-नंदुरबारकडे असे डाइक कित्येक किलोमीटर जातात. आजूबाजूचा खडक झिजला की शेतातून भिंत घातल्यासारखे उभे दिसतात.

असाच एक डाइक साक्री तालुक्यात माझ्या मामांच्या शेतातून जातो. भूशास्त्र शिकत होतो तेव्हा मी त्याचे तुकडे फोडून पाहिले. कडेचा काळाकुळीत, भिंगाखालीही दाणा दिसेना, कारण गार खडकाला लागून तो झटकन थिजला. मधला उन्हात फिरवला की फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या चमकायच्या. एकाच डाइकमध्ये दोन्ही! शेजारच्या लाव्हाथरात मात्र वायूच्या पोकळ्या आणि त्यांत भरलेलं झिओलाइट हे पांढरं खनिज. विहीर खोदणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात.

मी मामांना म्हटलं, डाइक घट्ट आहे, उताराचं पाणी त्याला अडतं, विहीर वरच्या अंगाला घ्या. त्यांनी पाणाड्या आणला. तळहातावरचा नारळ नेमका खालच्या अंगाला उभा राहिला. रस्ताही तिकडूनच जवळ, हा अर्थात योगायोग! ती विहीर होळीपर्यंत टिकत नाही. शेजाऱ्याने वरच्या अंगाला खोदली, त्याचा उन्हाळी कांदा निघेपर्यंत मोटर चालते. मामांचं म्हणणं आजही तेच: "काळा दगड तो काळा दगड. तुझी डिग्री पाण्याला कोण सांगणार?"

तर रंगावर जाऊच नका. ओट्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो बसवतात, तोही बऱ्याचदा डोलेराइट नाहीतर गॅब्रो असतो, म्हणजे घटक बेसॉल्टचेच, पण थिजलेला जमिनीखाली. दाणा बघा, पोकळ्या बघा, पण त्याआधी तो खडक दुसऱ्या खडकाला छेदून गेलाय का ते बघा. हातातल्या तुकड्यावरून हे कळत नाही, त्यासाठी शेतात जावं लागतं. मामा चाळीस वर्षं त्याच शेतात आहेत, तरी त्यांनी हे पाहिलेलं नाही.

एक राहिलंच. सगळेच डाइक पाणी अडवत नाहीत. भेगाळलेला असेल तर त्याच्यातूनच पाणी खेळतं, तेव्हा माझ्या उत्तरावर विसंबून कुठे खोदू नका. मामांच्या शेतातला मात्र घट्टच आहे. हातोडी मी स्वतः मारलीय.