वादळात छप्पर गेलं, तर घराचा विमा नेमकं काय भरून देतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. पुढे मंगलोरी कौलं, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब, बाजूला पत्र्याची शेड. परवाच्या वळवात शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी कौलांवर पडली, शेडचे पत्रे उडाले, आत पाणी शिरून गाद्या, कपाट, टीव्ही सगळं भिजलं. मागचा स्लॅबही गळतोय. कर्ज घेताना बँकेनं विमा काढायला लावला होता. त्यातून काय काय मिळेल?

उत्तर:

आधी बँकेनं दिलेला तो कागद कपाटातून काढा आणि तो कशाचा विमा आहे ते बघा. मी बेळगावात घरांची एस्टिमेटं करून देतो. एजंट नाही, विमा कंपनीचा माणूसही नाही, पण वळीव आणि पावसाळ्यानंतर येणारी बरीच कामं क्लेमसाठीच्या एस्टिमेटची असतात. येणाऱ्यांतले कितीतरी जण जो कागद पुढे ठेवतात तो घराचा विमा नसतोच. कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा तो आयुर्विमा असतो. त्यावर जीवन विमा कंपनीचं नाव असतं, नॉमिनी असतो, आणि घराची एक वीटही त्यात धरलेली नसते. घराच्या पॉलिसीवर सर्वसाधारण विमा कंपनीचं नाव, घराचा पत्ता आणि इमारतीची विमा रक्कम दिसेल. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, तेव्हा तुमचं कर्ज त्यानंतरचं असेल तर बहुधा हेच नाव असेल. पुढचं सगळं ती पॉलिसी आहे असं धरून लिहितो.

त्या पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी साचणं, वीज कोसळणं, दरड कोसळणं, भूकंप, आग हे सगळं मुळातच आहे, वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. बाहेरची वस्तू घरावर येऊन आदळणं हेही त्यात आहे, आणि झाड पडणं त्यातच मोडतं. म्हणजे आंब्याच्या फांदीनं फुटलेली कौलं, मोडलेल्या रिपा आणि वासे या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. आंबा शेजाऱ्यांचा की तुमचा, यानं क्लेमला फरक पडत नाही, त्यामुळे त्यांच्याशी वाकडं घ्यायची गरज नाही. फांदी तोडून हलवायचा, राडारोडा उचलायचा खर्चही मिळतो, मात्र क्लेमच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंतच.

गळक्या स्लॅबचं मात्र सोडून द्या. बहुतेक भांडणं इथंच होतात. पाऊस जोरात झाला आणि घरात पाणी आलं, एवढ्यानं क्लेम होत नाही. वादळानं काहीतरी मोडायला, फुटायला किंवा उघडं पडायला हवं आणि पाणी त्या वाटेनं आत आलेलं हवं. कौलं फुटून पडलेल्या भगदाडातून पाणी आलं, गाद्या भिजल्या, तर गाद्या धरल्या जातात. स्लॅबच्या जुन्या भेगेतून ओल झिरपली, गिलावा फुगला, तर ते झीज आणि देखभालीचं खातं झालं, पॉलिसी त्याला हात लावत नाही. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे अन्यायाचं वाटेल, कारण तिकडे न गळणारं घर शोधावं लागतं. पण नेमकं म्हणूनच, ठरलेली गोष्ट विम्यात बसत नाही. एकाच अर्जात फांदीनं फुटलेली कौलं आणि दहा वर्षांची ओल एकत्र घातली, की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो माणूस, सगळ्याच यादीकडे संशयानं बघायला लागतो. स्लॅब बाहेर ठेवा.

शेडचं उत्तर तुमच्या प्रस्तावात, म्हणजे विमा काढताना भरलेल्या अर्जात, काय लिहिलंय त्यावर आहे. व्हरांडा, गॅरेज, बाहेरच्या घरगुती खोल्या, कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, सोलर हे इमारतीच्या व्याख्येत येतात, पण विमा काढताना ते सांगून त्यांची किंमत धरलेली असावी लागते. शेड नंतर उभारली आणि कंपनीला कळवलंच नाही, तर तिथं अडेल. शेडमध्ये मोटरसायकल असेल तर तिचा विमा वेगळा, तो गाडीच्या पॉलिसीतून मागायचा.

टीव्हीचं दोन तऱ्हेनं होतं. छप्पर उघडं पडून पाण्यानं भिजला, तर घरातल्या सामानात येईल. वीज कडाडली, दाब वाढला आणि टीव्ही आतून जळला, तर ते शॉर्टसर्किटच्या अपवादात जातं, आणि तो अपवाद 'वीज पडल्यामुळे असलं तरी' असं स्पष्ट म्हणतो. मात्र त्या जळण्यातून आग लागून बाकीचं सामान जळलं, तर ते बाकीचं मिळतं.

सामानासाठी वेगळी यादी दिली नसेल, तरी घाबरू नका. भारत गृह रक्षा पॉलिसी इमारत आणि सामान दोन्हीसाठी घेतलेली असेल, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं सामान आपोआप धरलेलं असतं. दागिने, चांदीची भांडी, चित्रं त्यात नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बँकेनं काढलेल्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त इमारत असते, तेवढं तपासा. अजून एक तरतूद फार कोणाला ठाऊक नसते. वादळात घर उघडं पडलं आणि त्या घटनेपासून ७ दिवसांच्या आत त्या संधीचा फायदा घेऊन चोरी झाली, तर तीही धरली जाते. पोलिसांत तक्रार मात्र लगेच हवी.

इथं आपल्या भागापुरतं एक सांगतो. शहापूर, वडगाव, खासबागेत घरातच माग बसवलेले आहेत, निपाणीकडे घरात तंबाखू रचून ठेवतात. तो माल, ती यंत्रं घरगुती सामानात येत नाहीत, कारण तो धंदा झाला. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या अशा धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. घरात माग आहेत हे लपवून नुसता घराचा विमा काढणं म्हणजे पुढच्या वादाची आत्ताच सोय करून ठेवणं.

आता सर्व्हेअर. तो परवानाधारक असतो, त्याचा खर्च कंपनीकडे असतो, आणि तो येईपर्यंत तुम्ही काय जपून ठेवता यावर निम्मा क्लेम ठरतो. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर आजच कळवा, क्लेमचा क्रमांक लिहून घ्या. साफसफाईच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा: फांदी कौलांवर असतानाचा, भगदाड आतून आकाश दिसेल असं, आणि घर पूर्ण दिसेल असा लांबूनही एक. मग ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी पॉलिसीतच लिहिलेली असते, 'सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही' म्हणून घर भिजत ठेवाल तर उलट अंगाशी येईल. ताडपत्रीची पावती ठेवा. फुटकी कौलं, मोडके वासे, मुरगळलेले पत्रे भंगारवाल्याला देऊ नका, परसात रचून ठेवा.

तो बघतो काय? कौलाच्या फुटीची कड लालभडक आहे की शेवाळानं काळी पडलीय. काळी असेल तर ते कौल आधीच फुटलेलं होतं. वासा मोडला तिथं लाकूड चिरफळून तुटलंय की वाळवीनं भुसा झालंय. वाळवी लागलेल्या वाशाचे पैसे तो कापणार, आणि ते बरोबरच आहे. पत्र्यांचे हुक मुळासकट उपटलेत का, गंजून आधीच सुटले होते का. शेजारच्या घरांची कौलं, वाटेवरची झाडं, हेस्कॉमचे विजेचे खांब पडलेत का, हेही तो बघतो, कारण एकट्या तुमच्याच घरावर वादळ आलं असेल तर त्याला शंका येणारच. म्हणून फोटोत गल्लीही येऊ द्या.

वादळ होतं हे सिद्ध कसं करायचं, ही भीती बऱ्याच जणांना असते. वाऱ्याचा अमुकच वेग हवा अशी अट या पॉलिसीच्या मूळ मसुद्यात नाही. तरी पुरावा हाताशी असलेला बरा. हवामान खात्याच्या नोंदी आहेत, शिवाय कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापक यंत्रं ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत बसवलेली आहेत. तुमच्या पंचायतीचं नाव घालून त्या तारखेची नोंद मागता येते. तलाठ्यानं पंचनामा केला असेल तर त्याची प्रत घ्या. तो सरकारी मदतीसाठी असतो, पण तारीख आणि कारण त्यावर सरकारी शिक्क्यासह येतं. कन्नडात असेल, असू दे, सर्व्हेअरला चालतो.

सरकारी मदत मिळेलच, मग विमा कशाला, असं कोणी म्हणालं तर ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम चढल्या होत्या. तेव्हा राज्य सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, तातडीची मदत १० हजारांची होती, आणि अर्धवट पडलेली घरं नुकसानीच्या टक्केवारीत बसवत लोकांचे महिने गेले. फांदी पडून शंभर कौलं फुटलेल्या घराचं तर त्यात नावच येत नाही.

एस्टिमेटबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'छप्पर दुरुस्ती, एकूण दीड लाख' असा एका ओळीचा कागद आणू नका. कौलं किती, रिपा किती फूट, वासे किती आणि कोणत्या मापाचे, आढ्याची कौलं किती, मजुरी वेगळी, असं लिहून घ्या. ओळीनिशी लिहिलेल्या आकड्यातली एखादी ओळ सर्व्हेअर कापतो, एका ओळीच्या आकड्याला तो सरसकट कात्री लावतो. आणि होतं तसं करून देण्याचाच खर्च मिळतो. कौलांच्या जागी या निमित्तानं स्लॅब टाकायचा विचार असेल तर जरूर टाका, पण विम्याच्या एस्टिमेटमध्ये कौलंच राहू द्या, वरचा फरक तुमचा.

विमा रकमेचा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडं लिहितोच. इमारतीची विमा रक्कम म्हणजे घराचा बाजारभाव नव्हे. कार्पेट क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर, अधिक बाहेरच्या बांधकामांची किंमत, एवढंच. समजा ८० चौरस मीटर घर आणि दर चौरस मीटरला २० हजार, तर १६ लाख. बेळगावात टिळकवाडीत त्या घराचे जागेसह कितीही येवोत, जागा काही वाऱ्यानं उडत नाही. बँकेची पॉलिसी मात्र कधीकधी कर्जाच्या रकमेएवढीच असते. कर्ज ६ लाख आणि घर १६ लाखांचं असेल, तर पूर्ण पडल्यावर मिळून मिळून ६ लाखच. तुमच्यासारख्या थोड्या नुकसानीत ही पॉलिसी एक सवलत देते: विमा रक्कम कमी होती म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत. अर्थात क्षेत्रफळ आणि बांधकाम खरं सांगितलेलं असेल तर. मातीच्या भिंती असतील तर मातीच्या म्हणूनच लिहा. एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी असेल तर इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

पैसे कोणाच्या हातात येतील? पॉलिसीवर बँकेचं नाव नोंदलेलं असेल तर पहिला हक्क बँकेचा. दुरुस्तीसाठी रक्कम तुमच्याकडे सोडायला बँकेला लेखी विनंती करा, शाखेत जाऊनच.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे उतारा अजून आजोबांच्या नावावर, पॉलिसी थोरल्या भावाच्या नावावर आणि राहतो धाकटा, असं सर्रास असतं. वारसा नोंद करून घ्या, समाईक घर असेल तर नूतनीकरणाच्या वेळी सगळ्या हिस्सेदारांची नावं पॉलिसीत घाला. आत्ताच्या क्लेमला उतारा, घरपट्टीची पावती आणि वंशावळ जोडा.

कागद कमी आहेत एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही, असं विमा नियामकानं (आयआरडीएआय) २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. शेवटी एक कागद सहीला येतो, 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असा. तो इंग्रजीत असतो. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, रक्कम मान्य नसेल तर तसं लेखी कळवा.

कंपनीनं नाकारलं किंवा फारच कापलं, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, प्रत ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षभराची मुदत असते. घर खानापुरात म्हणजे बेंगळुरूचं लोकपाल कार्यालय, असं सगळे धरून चालतात. पण नियमात तक्रारदाराच्या राहत्या पत्त्याचं कार्यालयही चालतं. तुमच्यापैकी पॉलिसीवर नाव असलेला भाऊ कोल्हापुरात किंवा पुण्यात राहत असेल, तर त्याच्या नावानं पुण्याच्या कार्यालयात तक्रार घालता येते.

पॉलिसीचं पहिलं पान, नावं आणि पत्ता झाकून, इथं टाकलंत तर शेड धरलीय की नाही ते बघून सांगतो.