तिचा प्रश्न बरोबर आहे, आधी त्याचं उत्तर द्या

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी २४ वर्षांची, जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली. मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात तिने दोन वर्षं आयसीयूत काम केलं. 'सहा महिन्यांत जर्मनी' असं सांगून एका एजंटाने साडेचार लाख मागितले. त्यातले दीड लाख देऊन झाले, मूळ प्रमाणपत्रंही त्याच्याकडे जमा आहेत. उरलेल्या तीन लाखांसाठी द्राक्षबागेतली अर्धा एकर जमीन गहाण टाकायचं ठरलंय. मुलगी जर्मनच्या बी-१ (भाषेची मधली पातळी) परीक्षेत 'नापास' झाली, म्हणून अभ्यासाला वेळ मिळावा यासाठी दोन महिन्यांपूर्वी तिला नोकरी सोडायला लावली. वडील विचारतात: हिला अभ्यासाला कसं लावू? एजंट म्हणतो तसं बी-१चं प्रमाणपत्र 'मॅनेज' केलं तर चालेल का? आणि बारावीतल्या धाकट्यालाही आतापासून जर्मनला घालू का?

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. "काही बोललं की उलट बोलते. परवा म्हणाली, तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांचे डायपरच बदलायचे असतील तर तसं आधी सांगा. हिला कष्टच नकोत."

जी मुलगी दोन वर्षं आयसीयूच्या रात्रपाळ्या करते तिला कष्ट नकोत, हे मला पटत नाही. चार पानांच्या पत्रात तिच्या तोंडचं हे एवढं एकच वाक्य आहे. बाकी सगळं एजंटाचं, पाहुण्यांच्या मुलीच्या पगाराचं आणि युरोच्या भावाचं. आणि या सगळ्या व्यवहारात विचारायला हवा असा पहिला प्रश्न तिने एकटीने विचारलाय. दीड लाख गेले, नोकरी गेली, सातबारा बाहेर काढला, तरी तिला तिथे रोज नेमकं काय काम करायचंय हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला काळजी याची वाटते. तिच्या मार्कांची मला अजिबात वाटत नाही.

म्हणून आधी तिच्याशीच बोलते. हे पत्र तिला वाचायला द्या.

ताई, हो, डायपर बदलावे लागतात. आपल्याकडे नर्स इंजेक्शन देते, सलाईन लावते, औषधं आणि चार्ट सांभाळते. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी. जर्मनीत पेशंटच्या उशाशी नातेवाईक बसलेले नसतात. तिथे शिकलेली नर्सही ही कामं स्वतः करते. त्याला ग्रुंडफ्लेगे म्हणतात, म्हणजे मूलभूत शुश्रूषा, आणि तो शिक्षणाचाच भाग मानला जातो. पाठ पुसताना माकडहाडाजवळची लाली दिसते, तिथे बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू होतेय हे कळतं. मोजा घालताना पायाची सूज कळते. उलट शीर शोधून सुई लावणं, ज्यात तुझा हात बसलेला असणार, ते बऱ्याच वॉर्डात डॉक्टर करतात. इथून गेलेल्या मुलींना पहिले काही महिने वाटतं की आपण नर्सची मावशी झालो. काहींचं ते वाटणं जातं, काहींचं जात नाही, आणि ज्यांचं जात नाही त्यांचे फोन फार वाईट असतात.

तुझ्या करारात एक शब्द शोध. क्रांकनहाउस असेल तर ते रुग्णालय. फ्लेगेहाइम असेल तर वृद्धांचं निवासी शुश्रूषागृह, आणि तिथे तुझा दिवस जास्त करून ऐंशी-नव्वदीच्या माणसांना उठवण्यात, धुण्यात, भरवण्यात आणि औषधं देण्यात जाईल. दोन्ही कामं मानाची आहेत. पण आयसीयूतून आलेल्या मुलीला त्यातलं कुठलं आपल्या वाट्याला येणार हे सही करण्याआधी कळायला हवं. हे वाचून 'नको' वाटलं तर नको म्हण. तो आळस होत नाही. 'तरीही जायचंय' वाटलं, तर पुढचं वाच.

भाऊ, आता तुमच्याशी. जीएनएम झाली म्हणून विमानातून उतरताच ती तिथली नर्स होत नाही. आधी तिची पदविका तिथल्या राज्याच्या कार्यालयाने तपासायची असते. अभ्यासक्रमात काय कमी पडतं ते लेखी कळवतात, आणि ती कमतरता तिथे प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढायची. तोवर ती सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचा मिळतो. या तपासणीत कामाचा अनुभव जमेस धरतात, त्यावर काही कमतरता माफही होऊ शकते. म्हणजे ज्या नोकरीचा राजीनामा तुम्ही द्यायला लावलात, तीच नोकरी तिला जर्मनीच्या जवळ नेत होती. हे मी कडक लिहितेय, कारण ती चूक अजून दुरुस्त होण्यासारखी आहे. रुग्णालयात आयसीयूची अनुभवी नर्स परत यायला तयार आहे म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. शक्यतो दिवसपाळी मागा.

'भाषेचं काय, तिथे गेल्यावर सहा महिन्यांत आपोआप येते' हे वाक्य तुम्ही एजंटाचं म्हणून लिहिलंय, पण ते गावोगाव ऐकू येतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आपला माणूस हैदराबादला जाऊन हिंदी-तेलुगू शिकतो, दुबईला जाऊन कामापुरतं बोलतो, तसं हे होत नाही. मान्यताप्राप्त नर्स व्हायला साधारण बी-२ पातळीचं, म्हणजे बी-१च्या वरचं, जर्मन लागतं. शून्यापासून बी-२पर्यंत ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० तास वर्गात बसावं लागतं, असा ग्योएथे इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. आपल्याकडे ही संस्था मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखली जाते, पुण्यात आणि मुंबईत आहे. रोज तीन तास वर्ग धरला तरी हे वर्षाचं काम झालं, आणि घरचा अभ्यास वेगळा. एवढी भाषा कशाला? एक प्रसंग सांगते. रात्री अडीचला बेल वाजते. आजी म्हणतात, "मिर इस्ट श्लेख्ट." शब्दाला शब्द लावला तर 'मला वाईट' एवढंच. कच्ची भाषा असलेली मुलगी समजते, आजी उदास आहेत, आणि हात धरून बसते. पण जर्मन माणूस हे मळमळतंय या अर्थी म्हणतो, उलटी होणार आहे. 'मिर इस्ट श्विंडेलिग' म्हणाल्या असत्या तर चक्कर येतेय, आणि बिछान्यावरून उठू द्यायचं नाही. सकाळी पाळी बदलताना हेच सगळं सहा-सात सहकाऱ्यांसमोर भरभर सांगायचं, आणि समोरची बोलेल ते पहिल्याच फटक्यात पकडायचं. तिथे 'पुन्हा सांगा' किती वेळा म्हणणार? भाषा न येणाऱ्या नर्सकडून होणारी चूक पेशंटच्या अंगावर येते, आणि तुमची मुलगी आयसीयूत राहिलेली आहे, तिला हे तुमच्या एजंटापेक्षा जास्त कळतं.

म्हणून प्रमाणपत्र 'मॅनेज' करायचं नाव पुन्हा काढू नका. ते खरं की खोटं हे ऑनलाइन तपासता येतं. पकडलं गेलं तर व्हिसा तिचा नाकारला जाईल, नाव तिचं खराब होईल. अर्जावर सही तिची असते, एजंट त्यात कुठेच नसतो.

आणि ती नापास झालेली नाही. तुम्ही गुणपत्रिकेचा फोटो पाठवलात म्हणून बरं झालं. वाचन ७३, लेखन ६८, बोलणं ७१, ऐकणं ५४. बी-१ची परीक्षा चार स्वतंत्र भागांची असते, प्रत्येक भागात ६० लागतात, आणि राहिलेला भाग एकटा देता येतो. म्हणजे तीन भाग तिने रात्रपाळ्या करत काढले आणि एका भागात सहा गुण कमी पडले. त्या ऐकण्याच्या परीक्षेत चारपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात. रात्रभर जागलेल्या मेंदूकडून हेच सगळ्यात आधी निसटतं. घरात डांबून हे सुधारणार नाही. रोज अर्धा तास कान तयार करायचा: डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर संथ लयीत वाचलेल्या बातम्या फुकट आहेत. आधी न वाचता ऐकायचं, मग मजकूर डोळ्यांसमोर ठेवून, मग पुन्हा न वाचता. दोन-अडीच महिन्यांत ६० पलीकडे जाईल असं मला तिचे बाकीचे गुण बघून वाटतं.

आता एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागा. साडेचार लाखांत भाषेच्या वर्गाची फी किती, भाषांतरांचा खर्च किती, सेवाशुल्क किती, हे पावतीवर लिहून मागा. तो चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. जर्मनीत नर्सभरती करणाऱ्या कंपन्यांसाठी सरकारमान्य गुणवत्ता-चिन्ह आहे आणि त्याची अटच अशी की भरतीचा खर्च रुग्णालयाने करायचा, नर्सकडून घ्यायचा नाही. केरळ सरकारने तर २०२१ सालीच जर्मन रोजगार खात्याशी नर्सेससाठी करार केला, त्यात मुलींकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट जाहीर झालं, भाषेचं शिक्षण मोफत द्यायचं ठरलं. तुमचा एजंट 'आमचं सरकारी योजनेतूनच आहे' म्हणतो असं तुम्ही लिहिलंय. मोफत योजनेतला माणूस साडेचार लाख कसे मागतो, हे त्यालाच विचारा.

मूळ प्रमाणपत्रं मात्र उद्याच्या उद्या परत आणा. तपासणीसाठी साक्षांकित प्रती आणि अधिकृत भाषांतरं लागतात, मुलाखतीला मूळ कागद तिने स्वतः न्यायचे असतात. वर्षभर दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचं त्यात काहीच कारण नाही. मूळ कागद अडकले की मुलगी अडकते: दुसरी नोकरी धरता येत नाही, नाही म्हणता येत नाही. करारात 'दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास इतके लाख भरपाई' असं कलम आहे का तेही तिला वाचायला सांगा, कुठल्या भाषेत आहे ते सकट.

पैशाचा हिशेबही तुम्ही सरळ गुणाकाराने केलाय, महिन्याचा पगार ३ हजार युरो म्हणजे तीन लाख. तो आकडा कर आणि विमा कापण्याआधीचा असतो. एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन-तृतीयांश येतो, त्यातून भाडं, खाणं, बस, थंडीचे कपडे. तरी शिल्लक राहते, चांगली राहते. पण पहिल्या वर्षी महिन्याला लाख रुपये घरी येतील या हिशेबावर गहाणखत करू नका. हप्ता चुकला की रोज रात्री तिला फोन जाणार, आणि तो फोन घेणारी मुलगी मान्यतेच्या परीक्षेचा अभ्यास करू शकत नाही.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड 'त्यातच येतात' असं तुम्ही लिहिलंय, ते खरं नाही. भाषा जर्मन असली तरी पदविकेची तपासणी प्रत्येक देशात नव्याने, आणि स्वित्झर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या लोकांना वर्षाला ठरावीकच परवाने. आज तो विचार नको.

धाकट्याचं: त्याला आधी बारावी होऊ द्या. पुढे त्याला स्वतःला वाटलं तर आउसबिल्डुंग आहे, तीन-साडेतीन वर्षं काम करत शिकायचं, विद्यावेतन मिळतं, साधारण बी-१ लागतं. ताईचं काय होतं ते बघून तो ठरवेल.

आता क्रम. कागद परत. तिची नोकरी परत, मिळाली तर. मग ऐकण्याचा भाग. मग करार तिच्यासमोर ठेवून, क्रांकनहाउस की फ्लेगेहाइम, कुठलं गाव, पगार किती, मान्यतेचा खर्च कोण करणार. हे सगळं झाल्यावर तिला विचारा, आणि त्या वेळी शेजारी पाहुणे बसलेले नकोत.

गहाणखतासाठी येत्या सोमवारी दुय्यम निबंधकाकडे जायचंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी त्या एजंटाच्या कार्यालयात जा, मुलीला सोबत न्या, आणि प्रमाणपत्रांची पिशवी तिच्या हातात येईपर्यंत उठू नका. आली की मला दोन ओळी कळवा. नाही आली तरी कळवा, मुंबईत परदेशी नोकरीच्या तक्रारी घेणारं उत्प्रवासी संरक्षकांचं सरकारी कार्यालय आहे, तिथे करायच्या तक्रारीचा मसुदा मी तिला लिहून देईन.