मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवावी का?

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षे वापरलेली लहान हॅचबॅक आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. कामानिमित्त वरचेवर नाशिकला जावे लागते. परतताना कसारा घाट उतरेपर्यंत ब्रेकचे पेडल मऊ पडते आणि जळका वास येतो. वागळे इस्टेटमधील एका गॅरेजवाल्याने याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील, भंगारात निघालेल्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने दाबून धरणारे भाग) मागे बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याने ब्रेक सुधारतील का? हँडब्रेक किंवा आरटीओची काही अडचण येईल का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आपण वर्णन केलेल्या तक्रारीचे मूळ मागच्या ड्रममध्ये असण्याची शक्यता फार कमी आहे. तेव्हा मागे डिस्क बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला प्रकार होईल.

ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते. एक हजार किलोची, अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर) असलेली गाडी घेतली आणि उभी असताना तिचे सहाशे किलो वजन पुढे व चारशे मागे आहे असे मानले, तर जोरात ब्रेक लावल्यावर साधारण १८० किलो भार मागून पुढे सरकतो आणि मागच्या चाकांवर जेमतेम सव्वादोनशे किलो उरतात. रस्त्याला धरून ठेवण्याची चाकाची ताकद त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असल्यामुळे थांबवण्याचे तीन चतुर्थांशाहून अधिक काम पुढच्या डिस्क करतात आणि उष्णताही त्याच प्रमाणात तेथेच निर्माण होते. मागच्या ब्रेकचा जोर उत्पादकाने मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो, कारण मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडीची शेपटी फिरते. ओल्या रस्त्यावर ती सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते. ड्रम काढून डिस्क बसवल्याने टायरची पकड वाढत नाही, आणि ज्या गाडीचे एबीएस जोरात ब्रेक लावताच कामाला लागते तिचे थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात, मागच्या ब्रेकचा प्रकार नव्हे.

मग पेडल मऊ का पडते? सकाळी थंड गाडीतही पेडल खोल जात असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर नळ्यांमध्ये हवा असेल किंवा ड्रममधील ॲडजस्टर अडकल्याने लायनर (ड्रमला आतून घासून तो थांबवणारे पट्टे) ड्रमपासून लांब राहत असतील. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, असे असेल तर तापलेल्या पॅडची पकड कमी झाली आहे. थंड असताना सर्व ठीक आणि घाट उतरल्यावरच पेडल मऊ, ही आपली तक्रार मात्र बहुतेक वेळा जुन्या ब्रेक ऑइलची असते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ठाण्यासारख्या दमट, पावसाळी हवेत त्याला ओलाव्याची ददात नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात पुढचे कॅलिपर तापतात, त्यांच्यातील ऑइलला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पायाखाली पेडल मऊ लागते.

प्रथम ब्रेक ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांतून हवा काढून घ्यावी. शेवटचे कधी बदलले हे आठवत नसेल, तर ते जुने झाले आहे असेच समजावे. पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या आहेत का हे पाहावे, कारण अडकलेली पिन एका बाजूचा पॅड सतत घासत ठेवते आणि जळका वास तेथून येऊ शकतो. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरत नाही ना, लायनर किती उरले आहेत आणि ड्रमला खाच पडली आहे का, हे तपासावे. ड्रम लेथवर फिरवून साफ करता येतो, मात्र त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे तो गेला असेल तर बदलावा. आतील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. या सर्वाइतकीच महत्त्वाची आहे ती घाट उतरण्याची रीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला वेग रोखू द्यावा, आणि ब्रेकवर पाय सतत ठेवण्याऐवजी थोडा वेळ ठामपणे दाबून मग पूर्ण सोडावा. न्यूट्रलमध्ये घाट उतरून वाचलेले पेट्रोल फार महागात पडते.

आता गॅरेजवाल्याच्या प्रस्तावाविषयी. सुटे कॅलिपर आणि डिस्क आणून काम भागत नाही. ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेने असलेला लायनर स्वतःहून आत ओढला जातो, त्यामुळे कमी दाबातही ड्रम बऱ्यापैकी धरतो. डिस्कमध्ये ही सोय नसल्याने पिस्टन मोठा असावा लागतो आणि ऑइलचे प्रमाण बदलते, म्हणून पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडरही जुळता हवा. पुढे-मागे दाब किती वाटायचा याचे गणित मूळ ब्रेकसाठी बसवलेले असते. एबीएस असल्यास ते त्याच्या संगणकात असते, नसल्यास वेगळ्या व्हॉल्व्हमध्ये. चाकाच्या वेगाचा सेन्सर हब किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्याला जोडलेला असेल, तर त्याची जागाही बदलावी लागते. लहान रिममध्ये कॅलिपर घासण्याचा धोका वेगळाच. वरच्या श्रेणीतील गाडीचा मागचा संपूर्ण ॲक्सल, मास्टर सिलिंडर, एबीएसचे युनिट आणि हँडब्रेकच्या केबली एकत्र मिळत असतील तरच या विषयाला हात घालावा. वेल्डिंग करून पट्टी जोडून कॅलिपर लटकवणाऱ्याला सरळ नकार द्यावा. माझ्या मते आपल्या उपयोगासाठी एवढा खटाटोप करण्याजोगे त्यात काही नाही.

हँडब्रेकच्या बाबतीत ड्रमच उजवा आहे. डिस्कसाठी हँडब्रेकची यंत्रणा असलेले खास कॅलिपर लागतात, आणि तापलेल्या डिस्कवर ओढलेला हँडब्रेक ती थंड होऊन आकसली की काहीसा ढिला पडू शकतो. येऊरच्या चढावर गाडी उभी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ब्रेकचा प्रकार त्या प्रमाणपत्रावर सहसा लिहिलेला नसतो, तरीही ठाणे आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदल कळवावा. अपघातानंतरच्या पाहणीत तो प्रथमच उघड होणे कोणाच्याही हिताचे नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की मागची चाके सुटत नाहीत, आणि मग “टक्” असा आवाज येऊन गाडी हलते. काय करावे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ओल्या ड्रमला गंज धरून लायनर चिकटले आहेत. दीर्घकाळ गाडी उभी ठेवायची असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावावी. पाण्यातून गेल्यावर उभी करण्यापूर्वी मागेपुढे वाहने नाहीत हे पाहून, सावकाश चालवत हलका ब्रेक लावून ड्रम सुकवावेत. एकदाच असा आवाज आला तर बिघडले नाही. दर वेळी येत असेल तर लायनरचा गोंद सुटून तो पत्र्यापासून वेगळा होण्याआधी ड्रम उघडून घ्यावेत.

प्रश्न : मागे ड्रम असलेली नवी विजेची गाडी घेणे म्हणजे कमी दर्जाची गाडी घेणे का?
— एक वाचिका, वाशी

उत्तर : नाही. विजेची गाडी वेग कमी करताना मोटरला जनित्र बनवून ऊर्जा बॅटरीत परत नेते, त्यामुळे मागचे ब्रेक दिवसेंदिवस फारसे वापरलेच जात नाहीत. न वापरलेली उघडी डिस्क गंजते, बंद ड्रम त्या मानाने सुरक्षित राहतो. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांना मागे ड्रम दिले आहेत. गाडी निवडताना एबीएस, टायरचा आकार आणि ओल्या रस्त्यावरची चाचणीफेरी यांकडे अधिक लक्ष द्यावे. आपण वाशीत राहता, तेव्हा ही फेरी पाम बीच रोडवर एखाद्या पावसाळी सकाळी, रहदारी कमी असताना घेता येईल.