वक्रीभवन, अपवर्तन आणि मोडलेली काठी

सांगलीच्या एका पालकांनी विचारलंय: ‘आमच्या वेळी पुस्तकात वक्रीभवन होतं, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात अपवर्तन आहे. बरोबर कोणतं? आणि परावर्तन म्हणजे प्रकाशाचा कण अणूवर आपटून मागं येणं का?’

हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा किरण दिशा बदलतो, त्याचीच ही दोन नावं (इंग्रजीत रिफ्रॅक्शन). माझं मत अपवर्तनाच्या बाजूचं आहे. संगम माहुलीला घाटाच्या पायरीवर बसून मी पाण्यात काठी तिरपी धरली होती. शेजारचा पोरगा म्हणाला, ‘काठी मोडल्यागत दिसतीया.’ मोडल्यागत! ‘वाकल्यागत’ मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कणसाच्या भारानं ज्वारीचं ताट वाकतं, ते सगळ्या अंगानं. मोडतं ते एकाच जागी. किरणाचंही तसंच: पाण्याच्या पृष्ठभागाशी दिशा बदलते, पुढे पाण्यात तो पुन्हा सरळच जातो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही मोडणे असाच आहे.

बाष्पीभवनात नव्हती ती वाफ होते, तसं वक्रीभवनात नव्हतं ते वक्र होतं. वक्र म्हटलं की डोळ्यांपुढे कमान येते, आणि किरणाची कमान इथे होतच नाही. तापलेल्या डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तेव्हा मात्र हवेच्या थराथरांतून किरण खरोखरच हळूहळू वळत येतो. तिथे वक्रीभवन हा शब्द मला फार चपखल वाटतो. तो टाकून देऊ नये.

परावर्तन आणि अपवर्तन ही भावंडं आहेत. दोन्हींत ‘वृत्’, म्हणजे वळणे. परा म्हणजे मागे (‘निर्णयापासून परावृत्त केलं’ म्हणतो तो हाच), अप म्हणजे मूळ वाटेपासून दूर. भौतिकशास्त्रातही त्यांचं मूळ एकच निघतं, हे मला विलक्षण वाटतं. प्रकाश म्हणजे अणूवर आपटून उसळणारा चेंडू नव्हे. प्रकाशलहर पाण्याच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन हलवते, आणि हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश टाकू लागतो. असंख्य इलेक्ट्रॉनांचा हा प्रकाश मागच्या बाजूला एकवटतो, ते परावर्तन. पुढच्या बाजूला तो मूळ लहरीत मिसळतो आणि बेरजेची लहर मागे रेंगाळते: हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर असलेला वेग पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो. तिरप्या लहरीचं एक टोक आधी पाण्यात शिरून मंदावतं, म्हणून ती वळते. ते अपवर्तन. सरळ वरून पडलेल्या उजेडातला जेमतेम 2 टक्के मागे फिरतो, बाकीचा आत जातो.

परावर्तनासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहेच. आरशाचा ‘कवडसा’ भिंतीवर कुणी पाडला नाही? अपवर्तनाला तसं नाम नाही, पण ‘मोडणे’ हे क्रियापद तयार आहे. मुलीला आधी बादलीत काठी मोडलेली दाखवा, अपवर्तन नंतर सांगा. आणि घाटावर नेलंत तर हेही सांगा, की 4 फूट पाणी वरून 3 फुटांसारखं दिसतं. खालची पायरी दिसते तिथे नसते.